मोकाशीकाकांच्या दूर्वा

मिहीरने मोकाशीकाकांचं लॉन मारलं ते निव्वळ प्रेमापोटी. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे कितीतरी दिवस त्या अंगणात प्रेम कुठे दिसत नव्हतं, नुसतं पिवळं गवत दिसत होतं.

मिलवॉकीच्या पश्चिमेला ब्रुकफील्ड नावाचं गाव आहे. घरं ऐसपैस, झाडं म्हातारी आणि दोन घरांच्या मध्ये कुंपण नाही. आपलं गवत कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं हे फक्त गवत कापणाऱ्यालाच कळतं. जुलै संपत आला होता. शेजारचे राजाराम मोकाशी, म्हणजे सगळ्या गावाचे मोकाशीकाका, टेक्सासमध्ये फ्रिस्कोला मुलाकडे गेले होते. मिहीर आपल्या अंगणातल्या डँडेलायन नावाच्या तणावर औषध मारायला बाहेर पडला. पाठीवर पंप, कानात ऑफिसचा कॉल. कॉल असा होता की मधूनमधून "साउंड्स गुड" म्हटलं की भागत होतं. विस्कॉन्सिनचा उन्हाळा इतका तुटपुंजा असतो की त्यातली एकेक दुपार माणूस गुळाच्या खड्यासारखी चघळतो. ऊन मऊ होतं. मेपलच्या झाडात कुठलासा किडा एकच सूर धरून बसला होता. पंपातून बारीक तुषार उडत होते आणि त्या तुषारांत वीतभर इंद्रधनुष्य उमटत होतं. मिहीर त्या इंद्रधनुष्याच्या मागे चालत राहिला. चालता चालता त्याचं अंगण संपलं.

संपलं हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण नेमका त्याच वेळी त्याला गेला हिवाळा आठवला. गुडघाभर बर्फ पडायचा आणि मिहीर पांघरुणातून बाहेर येण्याआधीच काका स्वतःच्या मशीनने त्याचा ड्राइव्हवे साफ करून ठेवायचे. वर कधी बोलून दाखवणं नाही. हे उपकार फेडायचे कधी? मिहीरने ठरवलं, आजच. त्याने काकांच्या अंगणातही औषध मारलं. गॅरेजच्या कडेला, सिमेंटला लागून, भर उन्हात एक फिकट हिरवं, पसरट, खेकड्यासारखे पाय टाकून बसलेलं गवत होतं. शर्टाची इस्त्री न मोडता लॉन कापणारा हा माणूस असलं गबाळं दारात कसं चालवून घेतो, याचं मिहीरला पहिल्यापासून नवल वाटायचं. तिथे त्याने दोनदा मारलं.

दुकानात दोन प्रकारचं औषध मिळतं. एक तण मारतं आणि गवत ठेवतं. दुसरं जे हिरवं दिसेल ते मारतं. मिहीरने दुसरं आणलं होतं, कारण त्या बाटलीवरचा माणूस जास्त आनंदी दिसत होता.

आठवड्याभरात दोन्ही अंगणं पिवळी पडली. त्यातही एकसारखी पडली असती तर उन्हावर ढकलता आलं असतं. पण पिवळ्या पट्ट्यात मिहीरची चाल जशीच्या तशी उमटली होती: कॉलवर कंटाळा आला तिथे एक गिरकी, कुणी प्रश्न विचारला तिथे एक थांबा.

त्याची बायको चैत्राली पायरीवर उभी राहून ते बघत होती. चैत्राली मराठी मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे तिला सहसा कशाचा धक्का बसत नाही. पण गॅरेजच्या कडेला नजर गेली तशी ती मटकन पायरीवर बसली.

"तिथेसुद्धा मारलंस?"

"तिथे तर डबल."

"मिहीर," ती म्हणाली, "त्या दूर्वा होत्या."

दोघांना ब्रुकफील्डला येऊन जेमतेम दोन वर्षं होत होती. पहिल्या वर्षी गणपतीत मिहीर कामासाठी फिनिक्सकडे चँडलरला होता, दुसऱ्या वर्षी पुण्याला. त्यामुळे मोकाशीकाकांच्या दूर्वा हे काय प्रकरण आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. ते चैत्रालीने तिथेच पायरीवर बसून सांगितलं.

काका मूळचे मिरजेचे. सांगलीला इंजिनिअरिंग करून सत्तरीच्या दशकात इथे आले आणि खाणीतल्या मशीनचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटले ते रिटायर होईपर्यंत. त्या काळात इथे मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गणपती बसवायचा तर मूर्ती कुणीतरी बॅगेत, कपड्यांत गुंडाळून आणायचं. मोदकाला तांदळाची पिठी कशीबशी मिळायची. अडायचं ते दूर्वांपाशी. एका वर्षी कोथिंबिरीवर भागवलं. एका वर्षी कुणीतरी ग्रोसरीतून चाइव्हजची जुडी आणली. दिसायला फर्स्ट क्लास, पण आरती संपेपर्यंत देवघरात कांदाभजी तळल्यासारखा वास. मग एका सप्टेंबरात मोकाशीकाकांनी प्रत्येक घरी एकेक जुडी पोचवली. एकवीस दूर्वा, प्रत्येकीला तीन पानं, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. कुठून आणल्या विचारलं, तर म्हणाले, दारात उगवल्या.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. चतुर्थीला भल्या सकाळी गाड्या काकांच्या दारात थांबायच्या. काका ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळलेली जुडी खिडकीतून आत द्यायचे, नवीन बाळ असेल तर त्याचं नाव विचारायचे, आणि पुढची गाडी. पानं जरा रुंद आहेत असं पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं होतं. त्यावर मंडळात चर्चा होऊन असं ठरलं की इथला कांदा नारळाएवढा, वांगं भोपळ्याएवढं, मग दूर्वाच तेवढ्या मिरजेच्या मापाच्या कशा राहतील?

आता शिकागोच्या दुकानात पाकिटबंद दूर्वा मिळतात. तरी लोक काकांकडेच येतात. चैत्राली म्हणाली की ती चतुर्थीची सकाळ म्हणजे काकांचा वर्षातला खरा सण.

त्यातून यंदाची गोष्ट आणखी नाजूक होती. शोभाकाकू वसंतातच नातवंडांसाठी फ्रिस्कोला गेल्या होत्या. मुलगा अनिश वडिलांच्या मागे लागला होता की घर विका आणि तुम्हीपण या, एवढ्या बर्फात एकटे काय करता? काका दरवर्षीप्रमाणे "गणपती होऊ दे, मग बघू" म्हणाले होते. तिकडे न जाण्याचं काकांपाशी तेवढंच एक कारण होतं, आणि त्या कारणावर मिहीरने डबल फवारणी केली होती.

काका परतले त्या दिवशी मिहीर सकाळपासून खिडकीत बसला होता. त्याने माफीचं छोटंसं भाषण तयार केलं होतं. काका टॅक्सीतून उतरले, बॅग खाली ठेवली आणि पिवळ्या गवतापुढे उभे राहिले. बारीक अंगाचा, ताठ पाठीचा माणूस. डोक्यावर कापडी टोपी, शर्ट पँटमध्ये खोचलेला, खिशात पेन. त्यांनी वाकून एक झुबका उपटला, वास घेतला, आणि त्या पट्ट्याची वळणं दूरवर नजरेने मोजत गेले.

"कॉलवर होतास?" त्यांनी विचारलं.

मिहीरचं भाषण तिथेच संपलं. तो हो म्हणाला.

"कडेच्यासुद्धा?"

"तिथे दोनदा मारलं, काका."

काकांनी एकदा गॅरेजच्या कडेकडे बघितलं. मग बॅग उचलून म्हणाले, "चल, चहा टाकतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मिहीरला तो चहा पिताना वाटत राहिलं. कारण चहात साखर अगदी बरोबर होती.

दुसऱ्याच दिवशी तो बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेला. चैत्रालीच्या फोनमध्ये मागच्या गणपतीचा फोटो होता: चांदीच्या ताटलीत काकांनी दिलेली जुडी. काउंटरवरच्या बाईंना तो फोटो दाखवून मिहीरने विचारलं की या गवताचं बी मिळेल का. बाईंनी चष्मा लावून फोटो मोठा केला. मग शेजारच्या बाईंना बोलावलं. दोघींनी मिळून बघितला. मग पहिल्या बाईंनी फार मायेने चौकशी केली की हे तुम्हाला उगवायचंय की घालवायचंय. उगवायचंय म्हटल्यावर त्या म्हणाल्या की आयुष्य या काउंटरवर गेलं, पण हे मागायला आलेले तुम्ही पहिलेच. हे क्रॅबग्रास. समोरची ती भिंतभर शेल्फं दिसतात ना, ती सगळी याला मारायच्या औषधांची.

मिहीरने विचारलं, नक्की? बाईंनी शेल्फावरची एक पिशवी फिरवून दाखवली. पिशवीवर, लाल फुलीखाली, चैत्रालीच्या चांदीच्या ताटलीतला ऐवज होता.

तो गाडीत बराच वेळ बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे इतक्या वर्षांच्या आरत्या आल्या, सोवळ्यातले डॉक्टर आले, डोळे मिटून भक्तिभावाने क्रॅबग्रास वाहणारं अख्खं मंडळ आलं. हे काकांना सांगायचं? ज्या माणसाचं लॉन मारलं, त्याला वर हेही सांगायचं की ज्यांच्यासाठी तुम्ही इतकी वर्षं ओळखले जाता त्या दूर्वा नव्हत्याच? मिहीरने ठरवलं, नाही. पण रिकाम्या हाताने तरी परत कसं जायचं? म्हणून तो पुन्हा आत गेला आणि सावलीत लावायच्या रोपांपुढे उभा राहिला. तिथे फर्न होते, रुंद पानांचे होस्टा होते, जमिनीलगत पसरणारं कसलंसं रानआल्याचं रोप होतं. गाडीची ट्रंक भरून रोपं घेऊन तो घरी आला. ट्रंकेत सगळ्यात खाली ते सत्य दाबून ठेवलं होतं.

काकांच्या घरामागे दोन प्रचंड मेपल आहेत. त्यांच्याखाली गवत कधीच धरलं नाही. काका दरवर्षी तिथे बी टाकत, दरवर्षी चार पोरकी पाती उगवत आणि ऑगस्टपर्यंत निघून जात. शोभाकाकू सांगून थकल्या होत्या की अहो, सावलीला गवत नकोय, तिथे सावलीतलं काहीतरी लावा आणि बसायला एक बाक टाका. पण गिअरबॉक्सच्या माणसाला ती हार वाटायची. ट्रंकेतला होस्टा बघून मात्र ते थबकले.

"हे तुला हिने सांगितलं?"

मिहीर नाही म्हणाला. काकांनी एका पानावरून बोट फिरवलं. तुझी काकू याला अळू म्हणते, म्हणाले. दुसऱ्याच्या दारातला होस्टा दिसला की तिला वड्यांची आठवण येते.

तर असं ते काम सुरू झालं. इथे लॉन नव्याने करायचं तर उन्हाळ्याचा शेवट हाच मुहूर्त: माती अजून उबदार असते आणि रात्री गार पडायला लागतात. मेलेलं गवत खरवडून काढलं. जमिनीला भोकं पाडायचं मशीन भाड्याने आणलं. ते चालू केलं की चकलीच्या सोऱ्यातून पडाव्यात तशा मातीच्या कांड्या मागे पडत. काकांनी ते दोन फेऱ्या चालवलं, मग बंद केलं, कान लावला आणि म्हणाले, बेअरिंग रडतंय. दुपारभर मशीन उघडं पडलं होतं. संध्याकाळी ते दुकानात परत गेलं तेव्हा इतकं गुपचूप चालत होतं की दुकानदाराला ते आपलं नाहीच असं वाटलं.

मग बी. उन्हात ब्लूग्रास आणि राय, मेपलच्या कडेच्या अर्धवट सावलीत बारीक पात्याचं फेस्क्यू. खोडाजवळ जिथे मुळंच मुळं होती, तिथे काकांनी प्रथमच हार मान्य केली. जाड मुळांना धक्का न लावता मध्ये मध्ये मूठभर जागा सापडेल तिथे छोटे खड्डे केले, त्यांत फर्न आणि होस्टा बसवले, आणि जिथे तेही शक्य नव्हतं तिथे लाकडाचा भुगा पसरून एक बाक टाकला. मेपल हा मोठा पाणीपिता गडी, बाकीच्यांच्या तोंडचं ओढून घेतो. त्यामुळे रोपांना वेगळं पाणी.

आणि मग नुसतं पाणी. बी ओलं राहिलं पाहिजे, पण वाहून जाता कामा नये. म्हणून दिवसातून कितीतरी वेळा बारीक, धुक्यासारखं. मिहीर लॅपटॉप घेऊन मेपलखाली बसू लागला. काका बाकावर, टोपी डोळ्यांवर ओढून. स्प्रिंकलर एका अंगाने फिरत जायचा, थबकायचा, परत यायचा. त्या आवाजात काहीतरी होतं. मिहीर एक ओळ लिहायचा आणि पुढची ओळ स्वप्नात जायची. पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे काळ्या मातीवर हलायचे आणि वाटायचं, आपणच कुठेतरी पाण्याखाली बसलोय आणि वर कुणीतरी होडीतून चाललंय.

काका टोपीखालून बोलत. समोर नुसती माती असायची, पण ते म्हणत, तो फर्न बघ किती वाढलाय, वाटेवर येतोय. किंवा, त्या कोपऱ्यात दव किती पडलंय आज. सुरुवातीला मिहीरला वाटलं की काका झोपेत बोलतात. मग हळूहळू त्यालाही ते दिसायला लागलं. कमरेएवढे फर्न, त्यांच्या मधून जाणारी वाट, वाटेच्या शेवटी हिरवा काळोख. एकदा तर तो पाणी घालताना जो नव्हताच त्या फर्नला वळसा घालून गेला, आणि काका टोपीखाली हसल्याचा त्याला भास झाला.

अशाच एका दुपारी काका फ्रिस्कोबद्दल बोलले. म्हणाले, अनिशचं घर मोठं आहे, सगळं छान आहे. पहिल्या दिवशी गाडीतून उतरलो आणि लॉनवर पाय ठेवला. खाली बघितलं. तिकडे बर्म्युडा ग्रास म्हणतात. मी गुडघे टेकून बसलो आणि हात फिरवला. सूनबाईला वाटलं, मला चक्कर आली.

"म्हणजे?"

"दूर्वा रे. अख्खं लॉन दूर्वांचं. शेजाऱ्याचं पण. शाळेचं मैदान, बँकेच्या बाहेर, रस्त्याच्या मध्ये. मैलोन्‌मैल." टोपी हलली नाही. "तिथे मला कोण विचारणार, मिहीर?"

मिहीरला ते ट्रंकेतलं सत्य आठवलं. तो उठला आणि स्प्रिंकलर उगाचच दोन पावलं सरकवून आला. मी शिकागोहून पाकिटं आणून देतो, असं त्याने सुचवलं. काकांनी टोपी वर करून त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, पाकिटं त्यांनाही आणता येतात. एकदा आणली की पुढच्या वर्षी इकडे कोण वळणार?

चैत्रालीने मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: यंदा तांत्रिक कारणामुळे मोकाशीकाकांकडे दूर्वा मिळणार नाहीत. तांत्रिक कारण त्या वेळी तिच्या शेजारी बसून कांदा चिरत होतं.

कोवळं गवत पहिल्यांदा उगवतं तेव्हा ते उभ्याने दिसत नाही. काकांनी मिहीरला ड्राइव्हवेवर आडवं व्हायला सांगितलं, गाल सिमेंटला लावून. स्वतः पलीकडच्या बाजूला तसेच आडवे झाले. टपाल टाकायला आलेल्या बाईने दोघांना बघून पाकिटं हळूच ठेवली आणि पाय न वाजवता निघून गेली. आणि खरंच, मातीवर हिरवा श्वास सोडल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. हात लावला तर नाही, बघितलं तर आहे. मिहीर कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. सकाळच्या उन्हात प्रत्येक केसाएवढ्या पात्याच्या टोकाला एक थेंब होता.

मग त्याची नजर जवळ आली. नाकासमोर, सिमेंटच्या तापलेल्या कडेला, त्या हिरव्या धुक्यापेक्षा वेगळं काहीतरी उभं होतं. फिकट. जरा रुंद. एकेका देठाला तीन पानं. ओळीने, गॅरेजपर्यंत.

औषधाने झाडं मारली होती. मातीत पडलेल्या बियांचं त्याने काहीच बिघडवलं नव्हतं. आणि रोजचं पाणी तर दोघांनी मिळून घातलं होतं. मिहीरचा हात आपोआप पुढे गेला, कारण आतापर्यंत त्याने वाचलं होतं की नव्या लॉनचा याच्याएवढा वैरी नाही. आज सोडलं तर पुढच्या उन्हाळ्यात अर्धं अंगण गिळेल. इतक्या मेहनतीचं लॉन. बोटं देठाला लागली.

"काय दिसतंय?" पलीकडून काकांनी विचारलं.

मिहीरने हात मागे घेतला. "काही नाही," तो म्हणाला. "दूर्वा आल्यात."

पलीकडे काका उठून बसले, गालावरचे खडे झटकले आणि पाण्याची झारी आणायला गेले. त्या दिवसापासून जगात ज्याला मारायला भिंतभर औषधं विकतात, ते क्रॅबग्रास ब्रुकफील्डमध्ये दोन शिकलेली माणसं झारीने पाणी घालून वाढवत होती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शोभाकाकू आल्या. अनिशने त्यांना काकांना घेऊनच यायला बजावलं होतं, असं त्यांनी दारातच जाहीर केलं. मग मागच्या बाजूला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मिहीर बघायला गेला तर त्या बाकावर बसल्या होत्या, प्रवासाचे बूट काढून. रोपं अजून लहान होती. समोर काय होतं? चार होस्टा, काही फर्न, बाकी भुगा. पण त्या ज्या नजरेने बघत होत्या, त्यावरून मिहीरला कळलं की त्यांनाही कमरेएवढे फर्न दिसतायत.

"बेचाळीस वर्षं सांगत होते," त्या म्हणाल्या. "त्यासाठी शेजाऱ्याचं लॉन मरावं लागलं."

मिहीरने सांगितलं की काकू, काकांचंही मेलं.

"तेच ते," काकू म्हणाल्या.

सकाळी काकांनी आंघोळ करून स्टीलची वाटी घेतली आणि गॅरेजच्या कडेला उकिडवे बसले. दरवर्षी परातभर निघायच्या, यंदा वाटीही भरली नाही. एका जुडीला एकवीस धरल्या तर दोन-तीन घरांपुरत्या. काका वाटीकडे बघत राहिले. म्हणाले, निरोप गेलाय ना, कुणी येणार नाही, तेवढ्या पुरतील. तरीही त्यांनी चहाचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि स्वतः जाऊन बाकावर बसले, जिथून ड्राइव्हवे दिसतो. हातात पाण्याची नळी धरली होती. नळी बंद होती.

मिहीर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता. रस्ता रिकामा. एक खार ड्राइव्हवे ओलांडून गेली. काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली, मग पुन्हा वर केली, मग ओढली.

पहिली गाडी आली ती पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांची. त्यांना चैत्राली म्हणाली, मेसेज मिळाला नाही का? डॉक्टर म्हणाले, मिळाला ना. मग थोडं घुटमळून म्हणाले, सवय आहे. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. एक मुलगी कडेवरचं बाळ घेऊन उतरली. लहानपणी ती स्वतः बापाच्या कडेवर इथे यायची. त्या बाळाचं नाव काकांनी विचारलं, ती म्हणाली, आन्या. खिडकीतून जुडी द्यायची तर जुड्या नव्हत्या, आणि लॉनवर पाय ठेवायचा नाही म्हणून काकांनी सभोवती दोरी लावली होती. मग काय करणार? येईल त्याला घराला वळसा घालून मेपलखाली जावं लागलं. आणि मेपलखाली बाक होता, सावली होती, आणि शोभाकाकू चहा घेऊन उभ्या होत्या.

इतकी वर्षं जे लोक इंजिन चालू ठेवून जुडी घेऊन जायचे, ते त्या दिवशी बसले. बाक भरला तसे भुग्यावर बसले. काकांनी प्रत्येक घराला एकेकच दूर्वा दिली, ओल्या पेपर टॉवेलात, जणू औषधाची पुडी. कुणी तक्रार केली नाही. उन्हाचे कवडसे लोकांच्या सिल्कच्या कपड्यांवर हलत होते. कुणीतरी तिथेच बसल्या बसल्या आरतीचा सूर धरला, घरचे गणपती थोडे थांबतील म्हणाले. फर्न कुणी तुडवला नाही. दोन तासांनी रस्त्यावर एवढ्या गाड्या होत्या की शेजारचा अमेरिकन म्हातारा येऊन हळूच विचारून गेला की घर विकायला काढलंय का.

"नाही," शोभाकाकूंनी त्याला सांगितलं, काकांच्या आधी. मग आत जाऊन त्यांनी अनिशला फोन केला. मिहीरला एवढंच ऐकू आलं की होस्टा भरायला तीन वर्षं लागतात आणि ते कुणाच्या भरवशावर सोडून येऊ, आणि परतीची दोन्ही तिकिटं कॅन्सल कर.

दुपार झाली. सगळे गेले. मेपलखाली रिकामे कप होते आणि थोडासा उदबत्तीचा वास. काका बाकावर आडवे झाले होते, टोपी डोळ्यांवर. स्प्रिंकलर फिरत जायचा, थबकायचा, परत यायचा. मिहीरला वाटलं की आता सांगायला हरकत नाही. आता सांगितलं तर लागणार नाही, आणि न सांगता पुढचा हिवाळा काढणं आपल्याला जमणार नाही. तो बाकाजवळ खाली बसला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं: ते दुकान, काउंटरवरच्या त्या दोघी, ती लाल फुलीची पिशवी. शेवटी म्हणाला, काका, त्या दूर्वा नाहीत. कधीच नव्हत्या. ते क्रॅबग्रास आहे.

वर वाऱ्याने पानं हलली. टोपी मात्र हलली नाही.

"गणपतीला माहीत आहे, मंडळाला नाही, तू तोंड बंद ठेव."